फोटो काढून हाडे टाकून देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात मध्यंतरी एका वाचकांनी एक सूचना केली होती. उत्खननात निघालेल्या जनावरांच्या हाडांच्या पेट्याच्या पेट्या गोदामांत पडून असतात, त्यांतली बहुतेक हाडे मोडकीतोडकी, कशाची ते ओळखूही न येणारी असतात. तेव्हा त्यांचे नीट फोटो काढावेत, हवे तर त्रिमिती स्कॅन करावे आणि हाडे परत मातीत पुरून जागा मोकळी करावी, असे त्यांचे म्हणणे. गोदामांची अवस्था त्यांनी लिहिली आहे ती खरी आहे. जागा अपुरी असते, पेट्यांना वाळवी लागते, देखभालीचा खर्च उचलायला कोणी पुढे येत नाही. तरीही ही सूचना कोणी मनावर घेऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमा असावी. पण विषय माझ्या आयुष्यभराच्या कामाचा आहे.

मी हाडे निवडणारी. उत्खननातून आलेली हाडे धुवायची, सावलीत वाळवायची, टेबलावर पसरायची आणि एकेक तुकडा हातात घेऊन ठरवायचे, की प्राणी कोणता, हाड कोणते, डावे की उजवे, जनावर कोवळे होते की पूर्ण वाढलेले, हाडावर सुरीची खूण आहे का, कुत्र्याने चघळले आहे का. तीसेक वर्षे हेच केले. टेबलावर दोन ट्रे असायचे. एकात ओळख पटलेली हाडे, दुसऱ्यात न पटलेली. दुसरा ट्रे नेहमी आधी भरायचा. सांध्याचे टोक शाबूत असले, दात असला, तर ओळख पटते. पण आतली मज्जा काढण्यासाठी माणसाने फोडलेले, नंतर पायांखाली तुडवले गेलेले, तरसाने चावून पुन्हा बारीक केलेले हाड हाती आले, की कितीही मुरलेली नजर असली तरी ती तिथे थांबते. नळीच्या मधला, बोटाच्या पेराएवढा तुकडा हरणाचा, मेंढीचा की माणसाचा, हे पाहून सांगता येत नाही.

अशा तुकड्यांचे आम्ही काय करायचो? मोजायचो, वजन करायचो आणि नोंदवहीत ‘अनोळखी’ असे लिहून पुढे आकडा टाकायचो. जागेची अडचण आली, की दोन सेंटीमीटरहून लहान तुकडे निकाली काढायचो. त्या याद्यांवर माझ्या सह्या आहेत. एका यादीवर सही केली तो दिवस मला अजून आठवतो. गोणपाटाच्या अकरा पिशव्या दाराशी रचून ठेवलेल्या होत्या, सुतळीला बांधलेल्या पत्र्याच्या चकत्यांवर थरांचे क्रमांक होते आणि त्या चकत्या पुन्हा वापरता येतील म्हणून मदतनीस त्या सोडवून घेत होता. पिशव्या एका खड्ड्यात रिकाम्या झाल्या. तेव्हाच्या ज्ञानाप्रमाणे आम्ही वावगे काही केले नाही, असे बरोबरीचे लोक म्हणतात. मला मात्र आज तसे म्हणायला जीभ रेटत नाही.

कारण सांगते. ताज्या हाडाच्या वजनातला साधारण चौथा-पाचवा हिस्सा कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा असतो. या प्रथिनाच्या तीन साखळ्या दोराच्या पिळासारख्या एकमेकींत गुंफलेल्या असतात. प्रत्येक साखळीत हजारावर अमिनो आम्ले ओळीने बसलेली, आणि दर तिसऱ्या जागी ग्लायसिन. ग्लायसिन सगळ्यांत लहान, म्हणूनच पीळ इतका घट्ट बसतो. शिवाय या दोरांच्या आत-बाहेर कॅल्शियम फॉस्फेटचे बारीक स्फटिक जमलेले असतात, त्यामुळे जंतूंच्या विकरांना आत शिरायला वाव मिळत नाही. खनिज प्रथिनाला राखते आणि प्रथिन खनिजाला. म्हणून डीएनए तुटून संपून गेला तरी कोलॅजेन पुष्कळदा मागे राहते. थंड जागी तर ते लाखो वर्षे टिकते. आणि या साखळीतली अमिनो आम्लांची ओळ वेगवेगळ्या प्राण्यांत कुठे कुठे वेगळी असते. हा फरक अगदी थोडा, पण ओळख पटवायला पुरेसा.

या गोष्टीचा उपयोग करून घेण्याची रीत २००९ मध्ये मायकेल बकली, मॅथ्यू कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यॉर्क विद्यापीठातल्या कामातून मांडली. हल्ली सगळे तिला ‘झूम्स’ म्हणतात. माझ्या हाताखाली हाडे निवडायला शिकलेली एक मुलगी पुढे अशा प्रयोगशाळेत गेली. तिने मला बोलावून घेऊन ही रीत पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवली. मी वाचले बरेच होते, पण डोळ्यांनी पाहणे वेगळे.

तिने हाडाचा कपचा घेतला, नखाच्या टोकाएवढा. वजन वीसेक मिलिग्रॅम. प्लास्टिकच्या बारीक नळीत तो ठेवून वर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल ओतले. खनिज हळूहळू विरघळत जाते. काही दिवसांनी तिने चिमट्याने तो कपचा वर काढून दाखवला. आकार तोच, कडाही त्याच, पण आता तो अर्धपारदर्शक झाला होता आणि चिमट्यात वाकत होता. तीस वर्षे मी हाडे हाताळली, ती टणक आणि ठिसूळ. हाडातले खनिज गेल्यावर मागे काय उरते ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. त्या जनावराच्या अंगात घडलेली वस्तू, हजारो वर्षांनी, चिमट्याच्या टोकाला लवत होती. मी बराच वेळ काही बोलले नाही.

पुढची कृती अशी. आम्ल धुऊन काढायचे, कपचा पासष्ट अंशांना तापवून कोलॅजेन द्रावणात उतरवायचे आणि त्यात ट्रिप्सिन हे विकर घालून रात्रभर ठेवायचे. ट्रिप्सिन साखळी वाटेल तिथे तोडत नाही. लायसिन किंवा आर्जिनिन आले की त्यापुढे कापते. त्यामुळे एका जातीच्या प्राण्याच्या कोलॅजेनचे तुकडे दरवेळी तेच आणि तेवढेच पडतात. या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात. त्यांचा थेंब धातूच्या पट्टीवर वाळवून त्यावर लेसर मारतात. तुकडे विद्युतभारित होऊन नळीतून सुटतात, हलके आधी पोचतात, जड मागाहून. पोचायला लागलेल्या वेळावरून प्रत्येकाचे वस्तुमान निघते आणि पडद्यावर सुळक्यांची रांग उभी राहते. कोणते सुळके कुठे आहेत, त्यावरून प्राणी ओळखायचा.

आता शेळी आणि मेंढी यांची गोष्ट सांगते. हाडांवरून त्या दोघी वेगळ्या करणे ही आमच्या कामातली सगळ्यांत जुनी डोकेदुखी. बोएस्नेक, म्यूलर आणि टाइकर्ट या तिघांनी १९६४ मध्ये दोघींच्या हाडांतले बारीकसारीक फरक नोंदवून ठेवले, त्यांवर आमच्या पिढीने काम केले. पुढच्या पायाच्या नळीचे खालचे टोक, शिंगाचा गाभा, अशा ठरावीक जागा मिळाल्या तर ठीक. नाहीतर आम्ही ‘शेळी/मेंढी’ असे एकत्र लिहून मोकळे व्हायचो. माझ्या नोंदवह्यांत तो तिरका दंड पानोपानी सापडेल.

कोलॅजेनमध्ये या दोघींना वेगळे करणारा तेहतीस अमिनो आम्लांचा एक तुकडा आहे. मेंढीत त्याचे वस्तुमान ३०३३ येते आणि शेळीत ३०९३. साठाचा हा फरक दोनच जागांमुळे पडतो: मेंढीत जिथे ल्यूसिन आहे तिथे शेळीत फेनिलॲलानिन, आणि मेंढीत जिथे ॲलानिन आहे तिथे शेळीत प्रोलिन. बकली आणि सहकाऱ्यांनी हे २०१० मध्ये प्रसिद्ध केले. (गायीचा हा तुकडा मेंढीसारखाच ३०३३ भरतो, म्हणून गाय दुसऱ्या सुळक्यांवरून वेगळी काढावी लागते. एका सुळक्यावर कधी विसंबू नये.) त्या मुलीने मी पूर्वी ‘शेळी/मेंढी’ लिहिलेले काही तुकडे तपासले. त्यांतल्या एकाला मी मनातल्या मनात मेंढी म्हणत आले होते. लिहिले नव्हते, पण खात्री होती. पडद्यावर ३०९३ चा सुळका उभा राहिला. शेळी.

यात एवढे काय, असे कोणी विचारील. शेळी झुडपांचा पाला ओरबाडते, मेंढी गवत चरते. मेंढीपासून लोकर मिळते, शेळी रखरखीत जागीही तग धरते. एखाद्या वस्तीत एका थरात शेळ्या जास्त आणि वरच्या थरात मेंढ्या जास्त झाल्या, तर त्या माणसांचे जगणे बदलले आहे, आसपासचे रान बदलले आहे. तिरका दंड मारला, की हे सगळे त्याच्याखाली झाकून जाते.

पण ज्या कारणासाठी मी पेन हातात घेतले ते याहून मोठे आहे. सायबेरियात अल्ताई पर्वतात डेनिसोव्हा नावाची गुहा आहे. तिथे हाडांचे हजारो तुकडे मिळाले. तरसांनी आणि इतर जनावरांनी चावून बारीक केलेले, नजरेला काहीच न सांगणारे. म्हणजे माझा दुसरा ट्रे. तो तिथे कोणी रिकामा केला नाही. समंथा ब्राउन या तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या संशोधिकेने त्यांतले २३०० हून अधिक तुकडे एकेक करून झूम्सने तपासले. मॅमथ, लोकरी गेंडा, घोडा, हरीण असे निघत गेले आणि त्यांत एक तुकडा निघाला मानवकुळातला. लांबी २४.७ मिलिमीटर. हे २०१६ मध्ये जाहीर झाले. कोलॅजेन एवढेच सांगू शकत होते, की हा माणूस किंवा माणसाच्या अगदी जवळचा कोणी. कारण आपण आणि निअँडरथल व डेनिसोव्हन ही आता नामशेष झालेली दोन मानवकुळे, यांच्या कोलॅजेनमध्ये या रीतीने फरक दिसत नाही. मग त्या तुकड्याचा डीएनए वाचला आणि २०१८ मध्ये कळले, की ते हाड एका मुलीचे आहे. वय निदान तेरा, काळ साधारण ९० हजार वर्षांपूर्वीचा. आई निअँडरथल, वडील डेनिसोव्हन. दोन वेगळ्या मानवकुळांच्या आईबापांचे लेकरू, थेट पहिल्या पिढीचे, आपल्याला यापूर्वी कधी भेटले नव्हते.

संपादक महोदय, तो तुकडा अडीच सेंटीमीटरचाही नाही. आमच्या चाळणीच्या नियमातून तो जेमतेम वाचला असता, कदाचित वाचलाही नसता. त्याचा फोटो काढून तो पुरला असता, तर आज आपल्याकडे एका मळकट कपच्याचा उत्तम फोटो असता. फोटोत आकार येतो, रंग येतो. अमिनो आम्लांचे वस्तुमान त्यात येत नाही.

हे एकच उदाहरण आहे असेही नाही. तिबेटच्या पठारावर ३२८० मीटर उंचीवर बैशिया गुहा आहे. तिथला एक जबडा १९८० मध्ये एका भिक्खूंना सापडला होता. तो डेनिसोव्हनांचा, निदान १ लाख ६० हजार वर्षे जुना, हे २०१९ मध्ये त्याच्या दातातल्या प्रथिनांवरून ठरले. डीएनए त्यात उरलाच नव्हता. नंतर त्याच गुहेतले अडीच हजारांवर हाडांचे तुकडे झूम्सने तपासले, त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. बहुसंख्य तुकडे भरलचे, म्हणजे उंच डोंगरांवरच्या निळसर रानमेंढीचे. त्यांवर कापल्याच्या खुणा होत्या. याक, लोकरी गेंडा, तरस, मार्मोट, पक्षी असे बाकीचे. आणि एका बरगडीचा तुकडा डेनिसोव्हन माणसाचा, ४८ हजार ते ३२ हजार वर्षांपूर्वीचा. त्या उंचीवर, त्या थंडीत ती माणसे काय मारत होती, कशावर जगत होती, हे आधी कोणाला सांगता आले नव्हते. सांगितले ते या कपच्यांनी.

जर्मनीतल्या रानिस इथली हकिगत तर गोदामांचीच आहे. तिथे १९३० च्या दशकात खोदकाम झाले, हाडे पेट्यांत गेली. २०१६ ते २०२२ मध्ये नव्याने उत्खनन झाले, तेव्हा जुन्या पेट्याही उघडल्या. प्रथिनांवरून आणि बारकाईने पुन्हा पाहून त्या जनावरांच्या हाडांतून आपल्याच जातीच्या माणसांची हाडे बाजूला निघाली. काही नव्या खोदकामातली, काही ऐंशीवर वर्षे पेटीत असलेली. आधुनिक माणूस ४५ हजार वर्षांपूर्वीच उत्तर युरोपच्या थंडीत पोचला होता, हे त्यावरून २०२४ मध्ये सिद्ध झाले. पहिले खोदकाम झाले त्या काळात कोलॅजेनवरून प्राणी ओळखता येतो हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. तरीही कोणीतरी त्या पेट्या राखल्या. मध्ये एक महायुद्ध होऊन गेले. त्या राखणाऱ्या माणसांची नावे मला ठाऊक नाहीत, पण त्यांची आठवण मी नेहमी काढते.

पुरातत्त्वाच्या पलीकडे जायचे तर उत्तर कॅनडातल्या एल्समिअर बेटावरचा उंट आठवतो. नडगीच्या हाडाचे तीसेक तुकडे तीन वेगवेगळ्या मोसमांत वेचलेले. लाकडाच्या ढलप्यांसारखे दिसणारे. निदान ३४ लाख वर्षे जुन्या त्या तुकड्यांत कोलॅजेन मिळाले आणि ते उंटाशी जुळले, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दातांवरचे वल्क (इनॅमल) तर आणखी चिवट. जॉर्जियातल्या द्मानिसी इथल्या १७ लाख ७० हजार वर्षांपूर्वीच्या गेंड्याच्या दंतवल्कातली प्रथिने २०१९ मध्ये वाचली गेली, आणि २०२५ मध्ये कॅनडाच्या आर्क्टिक भागातल्या दोन कोटी वर्षांहून जुन्या गेंड्याचीही. हे क्षेत्र किती वेगाने पुढे चालले आहे ते यावरून लक्षात यावे. दहा वर्षांपूर्वी ‘यात काही उरलेले नाही’ असे म्हणून बाजूला सारलेल्या वस्तूंतून आज ओळी वाचल्या जात आहेत.

आता त्या वाचकांच्या दुसऱ्या मुद्द्याकडे येते: पुरून टाकू, म्हणजे हाडे नष्ट तर होणार नाहीत. होतात. हाड शेकडो-हजारो वर्षे ज्या मातीत पडून असते तिच्याशी त्याचे जमलेले असते. बाहेर काढून, धुऊन, वाळवून ते दुसऱ्या मातीत टाकले, की तिथला ओलावा, तिथली आम्लता, तिथले जंतू सगळे नव्याने सुरू होते. आणि पिशव्या एकाच खड्ड्यात रिकाम्या केल्या, की कोणते हाड कोणत्या थरातले हे कायमचे पुसले जाते. त्या अकरा पिशव्यांचे मी हेच केले. कोणी तो खड्डा उद्या शोधून काढला, प्रत्येक कपच्याचा प्राणी ओळखला, तरी तो कोणत्या काळातला हे आता कोणी सांगू शकणार नाही.

नुसत्या पेट्या ठेवूनही भागत नाही, कशा ठेवतो हेही महत्त्वाचे. एका जुन्या संग्रहातला हाडाचा टोच्या, कातडे टोचायचा असतो तसा, माझ्याकडे आला होता. हरणाच्या पायाची नळी उभी चिरून केलेला. खोबणीवरून मला पक्के दिसत होते. त्याच्या नमुन्यात हरणाचे सुळके निघाले आणि गायीचेही. आधी वाटले, नळ्यांची अदलाबदल झाली. पुन्हा केले, पुन्हा तेच. हाडे हाताळताना आपल्या कातडीचे आणि लोकरी कपड्यांचे केराटिन हे प्रथिन नमुन्यात शिरते हे माहीत होते, पण हे तर कोलॅजेन होते. तीन महिने आम्ही चाचपडलो. शेवटी त्या संग्रहाच्या जुन्या वहीत, समासात, पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ सापडली: ‘सरस लावून पक्के केले.’ सरस म्हणजे जनावरांची कातडी-हाडे उकळून काढलेला डिंक, म्हणजे कोलॅजेनच. ज्याने लावला त्याने जपण्यासाठीच लावला होता. टोच्या मोडला नाही हे खरे. पण त्याच्या पृष्ठभागावर आता दुसरेच जनावर बसले आहे. वहीत ती एक ओळ नसती, तर आम्ही काय निष्कर्ष काढला असता, या विचाराने अजून अस्वस्थ व्हायला होते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. या रीतीने सगळे प्रश्न सुटतात असे मुळीच नाही. कुत्रा आणि लांडगा, गाय आणि गवा किंवा बायसन यांच्यासारखे जवळचे नातलग कोलॅजेनवरून वेगळे काढता येत नाहीत. चांगले भाजले गेलेले हाड काही बोलत नाही. उष्ण, दमट जागी प्रथिने लवकर झिजतात आणि पडद्यावर सपाट रेघ तेवढी दिसते. आणि वय, डावे-उजवे, सुरीची खूण, कुत्र्याचा दात हे अजूनही हातात हाड घेऊनच पाहावे लागते. म्हणूनच हाड आधी नीट पाहावे, मोजावे, त्याचा फोटो काढावा, आणि मगच कपचा घ्यावा. फोटोची जागा ही आहे, कपचा काढण्याच्या आधीची. सांध्याचे टोक किंवा खुणा असलेला भाग कापू नये. जिथे नजरेला वाचण्यासारखे काही नाही तिथूनच घ्यावे. उत्साहाच्या भरात काही प्रयोगशाळा मूठभर मागतात. एका ठिकाणी मी दिलेले हाड तर परत आलेच नाही, आणि त्याचे काय केले हेही कळवले गेले नाही. हाडातला गेलेला भाग भरून येत नसतो, हे मागणाऱ्याने आणि देणाऱ्यानेही लक्षात ठेवावे.

सुदैवाने आता हाड न कापताही थोडेफार करता येते. सारा फिडिमेंट आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये चर्मपत्रांवर साधे खोडरबर फिरवून त्याच्या भुग्यातून कोलॅजेन मिळवले आणि पान वासराच्या कातड्याचे, मेंढीच्या की शेळीच्या हे सांगितले. पानाला ओरखडाही न येता. हाडाची वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत किंवा डबीत घासत राहिली, की तिचे बारीक कण आतल्या बाजूला चिकटतात. त्यांवरूनही ओळख पटते. फ्रान्समधल्या निअँडरथलांनी कातडी घोटायला केलेली बरगड्यांची हत्यारे अशीच, त्यांच्या डब्यांवरून, २०२० मध्ये तपासली गेली. त्या थरांत रेनडिअरची हाडे जास्त मिळतात. हत्यारे मात्र रानबैल-बायसनसारख्या मोठ्या जनावरांच्या बरगड्यांची निघाली. म्हणजे हाताला येईल ते हाड उचलले नव्हते, निवडले होते. मला हे वाचून फार आनंद झाला होता. हाडे निवडण्याचे काम किती जुने आहे!

तेव्हा गोदामे सांभाळणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. अनोळखी तुकड्यांच्या पिशव्या टाकू नका. जागा कमीच असेल, तर निदान प्रत्येक थरातली एक पिशवी जशीच्या तशी ठेवा. सरस, वार्निश, लाख काही लावू नका. लावलेच असेल तर कुठे, केव्हा, काय लावले ते लिहून ठेवा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई ओलाव्याने उडते, आणि एक चिठ्ठी पिशवीच्या आत घाला. पेट्या उन्हापासून आणि पत्र्याच्या उकाड्यापासून दूर, शक्य तितक्या थंड जागी ठेवा. प्रथिनांचा पहिला शत्रू उष्णता आहे. जुनी पिशवी फाटली म्हणून बदलावी लागली, तर जुनीही तिच्याच क्रमांकासह जपा. आणि हाडांच्या त्या ढिगात कोणाचे तरी लेकरू असू शकते, या जाणिवेने ती हाताळा.

माझ्या हातून निसटलेली अशी एक पिशवी वाचली आहे. यादीत तिचे नाव होते, पण ती दुसऱ्याच कपाटामागे पडली होती आणि माझ्या निवृत्तीनंतर सापडली. क्रमांक एक्केचाळीस. आतली चिठ्ठी माझ्याच हातची आहे: थर, खड्डा, तारीख आणि पुढे ‘अनोळखी, टाकावे’. त्या मुलीने ती माझ्यासमोर उघडली, तुकडे मोजले, शेवटच्या शब्दावर रेघ न मारता चिठ्ठी तशीच परत आत ठेवली आणि पहिले काही कपचे आम्लात घातले. निकाल यायचे आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त अस्थी-अभ्यासक